नॉलेज मॅनेजमेंटवर दर महिन्याला भेटणारा गट: एकदा फसलाय, परत करायचाय

टिपणवही:
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणारे, आधीच माफी मागते.

मी एका मशीन बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी "तू लिहितेस बरं, मिटिंगच्या नोट्स पण तूच काढतेस, मग हे नॉलेज मॅनेजमेंट तूच बघ" असं म्हणून हे काम गळ्यात पडलं, म्हणजे कंपनीतल्या माणसांना जे येतं ते जपायचं आणि बाकीच्यांपर्यंत पोचवायचं. ट्रेनिंग नाही, टीम नाही, बजेटचं तर विचारूच नका. ऑडिटमध्ये मुद्दा निघाला होता म्हणून कुणाचं तरी नाव लावायचं होतं, बास. (आयएसओ ९००१ या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ असं एक कलम आलंय, संस्थेला लागणारं ज्ञान ओळखा, जपा, लोकांना मिळू द्या वगैरे. वाचायला छान आहे, पण करायचं कसं हे त्यात कुठेच नाही.)

तर झालं असं की आमच्या टेस्टिंगमधले एक काका ३१ वर्षांनी रिटायर झाले. मी आधी तीन महिने त्यांच्या मागे लागून हँडओव्हर डॉक्युमेंट करून घेतलं, ४६ पानांचं, फोटोंसकट. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही हवेत. दोन महिन्यांनी एक मशीन टेस्टला लागलं आणि विचित्र थरथरायला लागलं, कुणाला काही कळेना, ४६ पानं तीनदा उलटून झाली. शेवटी काकांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न, "आवाज कसा येतोय, कोरडा की ओला?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय, ओला आवाज म्हणजे काय?? ते आले, दहा मिनिटं नुसते उभे राहून ऐकलं आणि बेअरिंगच्या बैठकीकडे बोट दाखवून गेले. आणि त्यांच्याच ४६ पानांत हे एका ओळीनेही नव्हतं. लपवलं वगैरे मुळीच नाही हो, हे सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही.

तेव्हापासून वाटतंय की याच कामात अडकलेली दुसरी माणसं भेटायला हवीत, आपल्याच शहरातली, समोरासमोर. मागच्या वर्षी एका मैत्रिणीसोबत प्रयत्न केला होता. पहिल्या वेळी २३ जण आले, दुसऱ्या वेळी ९, तिसऱ्या वेळी ४ आणि त्यातल्या दोघी आम्हीच. पहिल्यांदा 'नॉलेज मॅनेजमेंट म्हणजे काय' यावर प्रेझेंटेशन ठेवलं होतं, दुसऱ्यांदा एका सॉफ्टवेअरवाल्याने डेमो दिला, तिसऱ्यांदा मीच बोलले. नव्याचे नऊ दिवस पण भरले नाहीत.

आता परत करायचंय पण तोंडावर पडायचं नाहीये. कुणाला बोलवावं, किती जण असावेत, विषय आधी ठरवावेत का, कंपनीतल्या गोष्टी बाहेर किती बोलाव्यात, आणि मुख्य म्हणजे लोक चौथ्या वेळी का येतील? ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी प्लीज सांगा.

घुम्या:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नॉलेज मॅनेजमेंट हा कन्सल्टंट लोकांनी काढलेला शब्द आहे. आमच्याकडे दोनदा आला आणि दोनदा गेला. पहिल्यांदा पोर्टल (माहिती ठेवायची कंपनीतली वेबसाइट) झालं, दुसऱ्यांदा पोर्टल बदललं. आता तर एआयला विचारलं की सगळं मिळतं, कंपनीची सगळी डॉक्युमेंटं त्यात टाकली की झालं. गट कशाला हवा?

फाईलबंद:
टिपणवही ताई, मी असा गट जवळजवळ सहा वर्षं चालवलाय, आता बंद आहे, का बंद पडला ते नंतर कधीतरी सांगेन. तुमचं लिहिलेलं वाचताना हसू पण आलं आणि पोटात गोळा पण आला, कारण आमच्या पहिल्या तीन बैठका डिट्टो अशाच. लेक्चर, डेमो, लेक्चर.

२३ चे ४ का झाले हे तुम्ही स्वतःच लिहिलंय बघा. तिन्ही वेळा एक जण बोलला आणि बाकीच्यांनी ऐकलं. ऐकायला माणूस एकदा येतो, फार तर दोनदा. माणूस परत येतो तो आपलं घोडं जिथे अडलंय तिथे कुणीतरी हात लावला तर, किंवा आपण दुसऱ्याच्या घोड्याला हात लावला तर, हे दुसरं जास्त खरं आहे. म्हणजे कसं, कुणाला तरी आपल्या अनुभवाचा उपयोग झाला हे ज्याला एकदा कळलं तो माणूस पुढच्या वेळी पावसात पण येतो.

म्हणून आम्ही चौथ्या भेटीपासून एकच केलं. दर वेळी एकाने आपली एक खरी अडचण आणायची. खरी म्हणजे आत्ता चालू असलेली, सुटलेली नाही. सुटलेली आणली की ती यशोगाथा होते आणि यशोगाथेवर टाळ्या वाजतात, चर्चा होत नाही. या पद्धतीला पिअर असिस्ट म्हणतात, बीपी या तेल कंपनीत १९९० च्या दशकात ती चांगली रुजली होती. विहीर खणायच्या आधी दुसरीकडे अशीच विहीर खणलेल्या लोकांना बोलवायचं आणि विचारायचं, बाबांनो आम्ही हे असं करणार आहोत, तुम्ही असता तर काय केलं असतं. काम सुरू व्हायच्या आधी, संपल्यावर नाही, यातच सगळी मेख आहे.

आमच्याकडे ते असं चालायचं. ज्याची अडचण त्याने दहा मिनिटं सांगायचं, स्लाइड नाही. मग वीस-पंचवीस मिनिटं बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला अजिबात नाही. हे फार जड जातं लोकांना!! "तुम्ही विकी का नाही वापरत?" हा प्रश्न नाही, प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला आहे, असं मला दर वेळी टोकावं लागायचं. (विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची आणि दुरुस्त करायची वेबसाइट.) पण तेवढं धरून ठेवलं की गंमत होते, निम्म्या वेळा अडचण सांगणाऱ्यालाच कळतं की आपला प्रश्न वेगळाच होता. एकदा एक बाई आल्या होत्या, म्हणे आमचे लोक विकीवर लिहीत नाहीत, लिहितं कसं करू. प्रश्न विचारता विचारता बाहेर आलं की लोक लिहायचे, पण लिहिलेलं कुणी दुरुस्त केलं की ते रागवायचे, म्हणून हळूहळू बंद केलं. म्हणजे 'लिहितं कसं करू' हा प्रश्नच नव्हता. मग शेवटचा अर्धा तास सल्ला, आणि त्या वेळी अडचणवाल्याने गप्प बसून फक्त लिहून घ्यायचं, "ते आम्ही करून बघितलंय" हे वाक्य बोलायला बंदी.

माणसं किती? आठ ते बारा. पंधरा झाले की दोघंतिघंच बोलतात आणि मागे एक प्रेक्षक गॅलरी तयार होते. बेंजामिन फ्रँकलिनने (पुढे अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक झाला तो) १७२७ मध्ये फिलाडेल्फियात असाच एक गट काढला होता, दर शुक्रवारी संध्याकाळी भेटायचे, मर्यादा बाराची. पुढे मित्रांना पण घ्या म्हणून सभासद मागे लागले तर त्याने गट वाढवला नाही, प्रत्येकाने आपापला वेगळा छोटा गट काढा म्हणाला. त्यातूनच १७३१ मध्ये वर्गणी काढून चालवायची लायब्ररी उभी राहिली. अर्थात आपण फ्रँकलिन नाही, पण बाराचा आकडा चांगलाय.

@घुम्या, तुमच्याशी निम्मा सहमत आहे, पोर्टलवाल्या निम्म्याशी.

धागादोरा:
घुम्या, एआयचा मुद्दा घेतो, कारण हल्ली सगळीकडे हेच ऐकतोय.

टिपणवहीच्या काकांची ४६ पानं एआयमध्ये टाका. विचारा, मशीन थरथरतंय. काय सांगेल? ४६ पानांत जे आहे तेच, नाहीतर जगभरात बेअरिंगवर जे लिहिलेलं आहे ते. कोरडा-ओला आवाज कुठून येणार, तो कुणी लिहिलेलाच नाहीये. मायकेल पोलान्यी या तत्त्वज्ञाने १९६६ मध्ये हेच मांडलं होतं, आपल्याला सांगता येतं त्यापेक्षा जास्त माहीत असतं. ओळखीचा चेहरा हजारात ओळखतो पण कसा ओळखला ते सांगता येत नाही. यालाच टॅसिट नॉलेज म्हणतात, मराठीत कुणी अव्यक्त ज्ञान म्हणतं, मला साधं 'हातातलं' बरं वाटतं.

दोन किस्से सांगतो, दोन्ही या क्षेत्रातले जुने आहेत, माहीत असणाऱ्यांनी पुढे जा.

एक, झेरॉक्सचा. ज्युलियन ऑर नावाचा माणूस आधी टेक्निशियन होता, नंतर मानववंशशास्त्राचा अभ्यासक झाला, आणि १९८० च्या दशकात तो फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्यांच्या मागे फिरला. कंपनीने त्यांना जाडजूड मॅन्युअल दिलेलं, हा एरर आला की हे करा, ते नाही झालं की ते करा. प्रत्यक्षात अवघड केस आली की हे लोक काय करायचे, तर एकमेकांना गोष्टी सांगायचे. "त्या अमक्या मशीनला पण असंच झालं होतं, एरर वेगळाच दाखवत होतं आणि बिघाड भलतीकडेच." कंपनीच्या हिशेबात तो टाइमपास, आणि खरं काम तिथेच चाललेलं. पुढे झेरॉक्समध्येच युरेका नावाची सिस्टिम झाली, सुरुवात फ्रान्समधल्या टेक्निशियन लोकांपासून. टेक्निशियननेच टीप लिहायची, दुसऱ्या टेक्निशियननी तपासायची, आणि टीपेखाली लिहिणाऱ्याचं नाव. बक्षिसाच्या पैशापेक्षा त्या नावाची किंमत लोकांना जास्त होती. म्हणजे घुम्या, पोर्टल चाललं की हो! पण गप्पा आधी होत्या, पोर्टल त्यांच्या मागून आलं. आपल्याकडे आधी पोर्टल घेतात आणि मग गप्पा मारायला माणसं शोधतात.

दुसरा, पाव करायच्या मशीनचा. १९८५ मध्ये ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत घरगुती ब्रेड मशीन बनवत होते, काही केल्या पाव नीट होईना, वरून करपायचा आणि आत कच्चा. कणकेचे एक्सरे पण काढून झाले. शेवटी त्यांच्यातली एक सॉफ्टवेअरवाली बाई ओसाकातल्या एका नावाजलेल्या हॉटेलात मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला राहिली. तिला दिसलं की तो कणीक मळताना ताणता ताणता पिळतो पण. त्याला विचारलं असतं तर कदाचित "मळतो, अजून काय" एवढंच म्हणाला असता. मग मशीनच्या आत खास कंगोरे करून ते पिळणं आणलं आणि मशीन चाललं. नोनाका नावाच्या जपानी प्राध्यापकांमुळे हा किस्सा जगभर झाला.

यातला माझा मुद्दा एवढाच की 'लिहून काढा' हा प्रत्येक वेळी उपाय नसतो. कधी कधी 'शेजारी उभे राहा' हा असतो. आणि तुमच्या गटात पहिली अडचण म्हणून तो कोरडा-ओला आवाजच ठेवा, माझं एक मत त्याला.

घुम्या:
पावाचा किस्सा चांगला आहे. पण तिला हॉटेलात शिकायला सोडणारा मॅनेजर आमच्याकडे नाही.

धागादोरा:
😀 ते खरं. तीच अडचण घेऊन या मग.

पुस्तकपाळ:
मी ग्रंथपाल आहे, सार्वजनिक ग्रंथालयात. नॉलेज मॅनेजमेंट म्हटलं की आम्हाला कुणी मोजत नाही, ते सगळं कंपनीवाल्यांचं आणि आयटीवाल्यांचं, असं धरून चालतात. म्हणून मुद्दाम लिहितेय.

गट फक्त कंपन्यांचा करू नका हो. वर्गीकरण, विषयशीर्षकं, एकाच गोष्टीला दहा लोक दहा नावं देतात तेव्हा काय करायचं, हे सगळं आम्ही कार्डांच्या कपाटापासून करत आलोय. तुमच्या शेअर्ड ड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल२', 'फायनल_खरंच' अशा फाइली पडलेल्या असतात ना, त्याच्यावर आमच्या धंद्यात शंभर वर्षांचा विचार झालेला आहे. आपल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांनी १९३१ मध्ये पाच नियम सांगितले त्यातला एक 'वाचकाचा वेळ वाचवा' असा आहे, तो तुमच्या पोर्टलवाल्यांनी पडद्यावर चिकटवला तरी पुष्कळ. तसंच हॉस्पिटलातल्या सिनियर नर्सेस, त्यांची ड्युटी बदलताना जो हँडओव्हर होतो तो बघा एकदा, दर काही तासांनी, पेशंटशेजारी उभं राहून. रोज नॉलेज ट्रान्सफर करतात आणि हा शब्द त्यांनी ऐकलेला पण नसतो. संस्थांमध्ये काम करणारे, जिथे दर दोन वर्षांनी प्रोजेक्ट संपतो आणि माणसं जातात, त्यांचे हाल तर सगळ्यात वाईट.

त्यावरून आठवलं, नाव. 'नॉलेज मॅनेजमेंट फोरम' असं नाव ठेवलंत तर ज्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर ते शब्द आहेत तेच येतील, आणि असे शहरात किती असणार? आम्ही वाचक गटाच्या पत्रकावर 'साहित्यचर्चा' लिहायचो तोवर सहा डोकी, एकदा 'वाचलेलं पुस्तक घेऊन या' असं लिहिलं आणि खुर्च्या कमी पडल्या. तुम्हीही बोलावताना अडचण लिहा. 'जुना माणूस गेला की काम का अडतं?' असं काहीतरी. ज्याचं अडलंय तो येईल, त्याचं पद काही का असेना.

जागेसाठी जवळच्या ग्रंथालयात विचारून बघा. आमच्यासारख्या बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी एखादी खोली रिकामी असते. कंपनीच्या कॉन्फरन्स रूममध्ये शक्यतो नको, ज्याची खोली त्याचा गट होऊन बसतो, आणि गेटवर पास काढण्यात अर्धा तास जातो तो वेगळाच.

सुरक्षित_अंतर:
कंपनीतलं बाहेर किती बोलावं यावर कुणी काहीच बोललं नाहीये म्हणून मी.

माझं काम कॉन्ट्रॅक्ट वगैरे बघायचं, त्यामुळे मी नेहमीचा नाट लावणारा. पण या भीतीमुळेच असे गट एकतर सुरू होत नाहीत किंवा सगळे गुळगुळीत बोलतात, "आमच्याकडे कल्चरचं चॅलेंज आहे" टाइप. चॅटम हाऊस रूल म्हणून एक साधा नियम आहे, १९२७ पासूनचा, लंडनच्या चॅटम हाऊस या आंतरराष्ट्रीय विषयांवर चर्चा करणाऱ्या संस्थेतला. तिथे ऐकलेलं तुम्ही बाहेर वापरू शकता, पण कोण बोललं, तो कुठल्या संस्थेचा, आणि आणखी कोण कोण हजर होतं, हे सांगायचं नाही. दर भेटीच्या सुरुवातीला एकदा मोठ्याने म्हणायचा, नवीन माणूस असो वा नसो.

पण लक्षात ठेवा, हा सभ्यतेचा नियम आहे, तुमच्या नोकरीच्या करारावर त्याचा काही परिणाम होत नाही. ग्राहकाचं नाव, किंमती, ड्रॉइंग, अजून बाजारात न आलेलं काही, कुणा एका सहकाऱ्याची ओळख पटेल अशी माहिती, हे कुठेच बोलायचं नाही, रूल असला तरी. आणि गंमत म्हणजे त्याची गरजही पडत नाही. "एक अनुभवी माणूस गेला आणि त्याचा कान कुणाकडे नाही" यात कुठलं गुपित आहे? आपल्या साहेबाला आधी एका ओळीत कळवून ठेवा की अशा गटात जातेय, कामाच्या पद्धतीवर बोलतो, माहितीवर नाही. मागून कळलं की उगाच संशय येतो.

दुसरा धोका विक्रेते. सॉफ्टवेअर विकणारा माणूस वाईट नसतो, पण तो आला की प्रत्येक अडचणीचं उत्तर त्याच्या प्रॉडक्टमध्ये असतं. त्याने यावं, पण आपली अडचण घेऊन यावं. त्याच्या कंपनीतून पण माणसं सोडून जातातच की.

टिपणवही:
बापरे, दोन दिवसांत एवढं! सगळ्यांचे मनापासून आभार, धागादोरा तुमचा पावाचा किस्सा मी ऑफिसमध्ये सांगितला पण (परवानगी न घेता).

पुस्तकपाळ ताई, नर्सेसचं डोक्यातच नव्हतं आलं. माझी एक चुलत बहीण आयसीयूत आहे, तिला विचारलं तर म्हणाली "आम्ही काय ज्ञान देणार", आणि मग पाऊण तास त्याच विषयावर बोलली. येणार आहे.

आता दोन प्रश्न उरलेत. एक, नोट्स कुणी आणि कशा काढायच्या? मागच्या वेळी मी प्रत्येक भेटीचे सहा-सात पानांचे मिनिट्स पाठवायचे, कुणी उघडले सुद्धा नसतील. दोन, @फाईलबंद काका, तुमचा गट का बंद पडला ते सांगा ना, 'नंतर कधीतरी' म्हणून सोडलंय तुम्ही.

फाईलबंद:
सांगतो. लाज वाटते म्हणून टाळत होतो.

सहा वर्षं गट मस्त चालला. तारीख मी ठरवायचो, खोलीची किल्ली माझ्याकडे, कुणाची अडचण पुढच्या वेळी घ्यायची ते माझ्या डोक्यात, कोण कशात मुरलेला आहे ते माझ्या डोक्यात, नवीन माणसाला कुणाशेजारी बसवायचं ते पण. लोकांचे पत्ते माझ्या फोनमध्ये. मग माझी बदली झाली दुसऱ्या शहरात, तीन आठवड्यांत निघावं लागलं. घाईत मी दोघांना "आता तुम्ही बघा" म्हणालो. त्यांनी एक भेट घेतली, दुसरी लांबणीवर टाकली, तिसरी झालीच नाही. वर्षभराने त्यातला एक भेटला, म्हणतो कसा, "अहो काका, तुम्ही नेमकं काय करत होता तेच आम्हाला कळलं नाही, सगळं आपोआप चाललंय असं वाटायचं."

सहा वर्षं दर महिन्याला दुसऱ्यांना विचारत होतो, तुमच्याकडचा एक माणूस गेला तर काय होईल. 😔

त्यामुळे आता जे सांगतो ते सगळं चुकून शिकलेलं आहे. पहिल्या दिवसापासून दोघी मिळून चालवा आणि दर भेटीला चालवणारा बदला, तुम्ही हजर असलात तरी. दुसऱ्याने चालवलेली भेट थोडी फसू द्या, मध्ये तोंड घालू नका. पहिले काही महिने ती तुमच्या शेजारी बसून बघेल, मग तुम्ही तिच्या शेजारी बसून गप्प राहाल. बेकरवाल्या बाईसारखंच की हे.

तारीख कधीही विचारून ठरवू नका. 'सगळ्यांना कधी जमेल' असं एकदा विचारलं की संपलं, पुढे प्रत्येक भेट त्याच्यावर अडते. दुसरा गुरुवार म्हणजे दुसरा गुरुवार. तिघंच आले तरी घ्यायची. तिघांची एक भेट तर मला अजून आठवते, सगळ्यात जास्त बोलणं तेव्हाच झालं होतं.

नोट्स. मिनिट्स बंद करा आधी. एकच पान, आणि ते अडचण मांडणाऱ्यानेच लिहायचं, कारण त्याला त्याचा उपयोग आहे. वरती अडचण दोन ओळीत, जशी आली तशी, आणि खाली प्रश्नोत्तरांनंतर ती बदलली असेल तर बदललेली. मग काय करून बघणार आहे. एवढंच. दोन-तीन महिन्यांनी त्याच पानावर खाली त्यानेच लिहायचं की करून बघितलं आणि काय झालं. हा शेवटचा भाग नसेल तर बाकीच्या पानाला काही अर्थ नाही, आणि तो मिळवायला मागे लागावं लागतं, अगदी पिच्छा पुरवावा लागतो. आमच्याकडे ६० च्या आसपास पानं झाली होती, त्यातल्या निम्म्यांना शेपूट नव्हतं.

दुसरी एक यादी ठेवा, ती जास्त कामाची. कोणाला काय विचारावं. 'हिने नाखूश एक्स्पर्टकडून माहिती काढलीये', 'याने विकी बंद करून परत चालू केलंय', अशा एका ओळीच्या नोंदी, पद-बिद नको. त्याने होकार दिला तरच टाकायचं. पान शोधून वाचण्यापेक्षा लोक फोन करतात, हे मान्य करून टाकावं एकदाचं.

धागादोरा:
काका, सलाम. नोट्सवर एक भर. दर पाच-सहा भेटींनंतर गटाचीच झडती घ्या. अमेरिकन सैन्यात सरावानंतर आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू करतात, १९७० च्या दशकापासून चाललंय, त्यातले चारच प्रश्न: काय व्हायचं ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. पंधरा मिनिटांत होतं. त्यात दोष कुणाचा हे विचारायचं नाही, नाहीतर सगळे गप्प होतात. मी हे दोन-तीन ठिकाणी बघितलंय, साहेब आधी बोलला की संपलं, म्हणून सगळ्यात नवीन माणसाला आधी बोलू द्या.

सुरक्षित_अंतर:
त्या एका पानावर संस्थेचं नाव नको आणि अडचणवाल्याचं पण नको, निदान जे पान सगळ्यांना जाणार त्यावर तरी नको. मी परत नाट लावला.

पुस्तकपाळ:
पानांना विषयशब्द मात्र द्या हं, तीनच, आणि ते एका वहीत लिहून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी तोच शब्द वापरला जाईल. साठ पानं झाल्यावर द्यायला बसलात तर होत नाही. सांगून ठेवलं.

टिपणवही:
ठरलं. पुढच्या महिन्यातला दुसरा गुरुवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, ग्रंथालयातली खोली मिळतेय (तिथल्या ग्रंथपाल बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या मी पण बसू का, म्हटलं बसाच). आमंत्रणात एकच ओळ टाकलीये, 'अनुभवी माणूस निघून गेला आणि आता त्याच्यासारखं कुणालाच ऐकू येत नाही, काय करावं?' सध्या नऊ जण येतो म्हणालेत, त्यातले चौघं मागच्या वेळचेच. टेस्टिंगवाल्या काकांना विचारलं की येता का, तर म्हणाले "मी येऊन काय बोलू, एखादं मशीन असेल तर सांगा." मैत्रीण दुसरी भेट चालवणार आहे, तिने कबूल केलंय पण घाबरलीये.

घुम्या:
काकांना गटात नका बोलावू. त्यांना टेस्टिंगमध्ये बोलवा, महिन्यातून दोन दिवस, नवीन पोरगा शेजारी उभा करा, आणि दोघांनी आवाज ऐकून आधी आपापलं उत्तर कागदावर लिहायचं, मग कागद उघडायचे. आमच्याकडे वेल्डिंग तपासणारे दोघं असं करायचे, नाव-बिव काही नव्हतं त्याला. पाच-सहा महिन्यांत पोराचा आणि जुन्या माणसाचा कागद बऱ्यापैकी जुळायला लागला होता.

फाईलबंद:
घुम्या, हे तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही लिहिलंत?

घुम्या:
कुणी विचारलंच नाही. मला वाटलं इथे नॉलेज मॅनेजमेंटवर बोलायचंय.

टिपणवही:
घुम्या दादा, तुम्ही कुठल्या शहरात असता? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.